झूम घरी ठेव

मुंबईच्या मासळी बंदरावरचे, ससून डॉकचे तुझे फोटो पाहिले. उजेड झकास पकडलायस, पण सगळे लांबून चोरून घेतल्यासारखे वाटतात. पुढच्या वेळी ती लांबचं जवळ ओढणारी झूम लेन्स घरी ठेव, जवळ जायला लावणारी ३५ मिमीची लेन्स लाव आणि पहाटे ५ला पोच. पहिले तीन-चार दिवस कॅमेरा पिशवीतच राहू दे. कोळंबी सोलणाऱ्या मावश्यांशी गप्पा मार, चहा पी. आधी त्या हसतील, मग पोज देतील, मग कंटाळून आपापल्या कामाला लागतील. तुझं काम तिथून सुरू होतं.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम सावकाश बघ. नुसती घाण टिपायला एक दुपार पुरते रे. त्या घाणीत उतरणारा माणूस दिसायला फार दिवस द्यावे लागतात.

बायलाइनची, म्हणजे फोटोसोबत आपलं नाव छापून यायची घाई झालीय म्हणतोस? मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. तू निदान समोरच्याचं नाव तरी नीट लिही. मी एकदा कॅप्शनला 'भाऊच्या धक्क्यावरील कामगार' एवढंच दिलं होतं. आठवड्याने त्याच माणसाने कात्रण पुढे धरलं, "साहेब, मला नाव नाही का?" काय बोलणार!

तेव्हापासून नाव, गाव आधी वहीत लिहितो आणि नंतर प्रिंट नेऊन देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, कागदावर.

आणि डॉकवर चपला घालून जाऊ नकोस, बर्फाच्या पाण्याने पाय गारठतात.