झडप बदलल्यावर पेसमेकर का?

प्रश्न : माझ्या ७९ वर्षांच्या आईची महाधमनीची अरुंद झालेली झडप महिन्यापूर्वी मांडीतून कॅथेटर घालून बदलली. तिसऱ्या दिवशी पेसमेकरही बसवावा लागला. उपचार फसला का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. या पद्धतीत जुनी झडप काढत नाहीत. नवी झडप तिच्या आतच फुलवली जाते आणि हृदयाचे ठोके चालवणारी विद्युतवाहिनी अगदी झडपेच्या खालून जात असल्यामुळे त्या वाहिनीवर दाब येऊन ठोके मंदावू शकतात; म्हणून पेसमेकर लागतो. मांडीतील रक्तस्राव किंवा पक्षाघात यांचा धोका मुख्यतः सुरुवातीच्या दिवसांत असतो, आणि तो काळ आईंनी ओलांडला आहे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-३ चाचणीत मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा इस्पितळात भरती यांपैकी काही घडण्याचे वर्षभरातील प्रमाण कॅथेटर गटात ८.५ टक्के, तर छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर १५.१ टक्के होते. मात्र ते रुग्ण कमी जोखमीचे आणि सरासरी ७३ वर्षांचे होते, त्यामुळे हे आकडे आईंना जसेच्या तसे लावू नयेत.

झडपेच्या कडेने रक्त किती झिरपते हे पाहण्यासाठी आता एकदा आणि पुढे दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना झडपेविषयी सांगावे, कारण आधी प्रतिजैविक घ्यावे लागते. ताप टिकून राहिला, तर मात्र फार्मसीतून परस्पर प्रतिजैविक आणून देऊ नये (आपल्याकडे ही सवय फार). झडपेला जंतुसंसर्ग झाला आहे का, हे कळण्यासाठी आधी रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू वाढतात का, याची तपासणी) व्हायला हवे.