रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, मग मलेरिया नाही असं धरायचं का?
ताप चालूच असेल तर अजिबात धरू नका. तुमच्या म्हापशाच्या साइटवरचा ताप आलेला तो कामगार नुकताच ओडिशाहून आलाय असं तुम्ही लिहिलंय, तेच मला महत्त्वाचं वाटतं. गोव्यात जास्त करून व्हायवॅक्स हा मलेरियाचा परजीवी सापडतो, टेस्टच्या पट्टीवर त्याची रेघ पीएलडीएच या त्याच्या एन्झाइमवर उठते. पण तिकडे ओडिशात फाल्सिपेरम हा जास्त घातक परजीवी भरपूर, आणि त्याची पट्टी एचआरपी-२ हे प्रोटीन पकडते, आता काही परजीवींमध्ये ते बनवणारा जीनच उडालेला असतो, म्हणजे रक्तात मलेरिया असला तरी पट्टीवर नुसती कंट्रोलची रेघ (टेस्ट नीट चालली एवढंच सांगणारी) दिसते. २०१० मध्ये पेरूतून हे पहिल्यांदा छापून आलं, एरिट्रियाला तर यापायी टेस्टच बदलावी लागली. भारतातही असे नमुने सापडलेत, पण प्रमाण कमी आहे. खरं तर परजीवी थोडे असणं किंवा किट उन्हात पडून खराब होणं, ही कारणं जास्त नेहमीची.

त्याला आजच पीएचसीत (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात) न्या, काचेवर रक्ताचा थेंब पसरवून केलेला स्मिअर तिथे फुकट होतो, मायक्रोस्कोपखाली परजीवी थेट दिसतो, तिथे जीन असो-नसो. तोही निगेटिव्ह आला आणि ताप उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी परत करायला सांगा. फाल्सिपेरम थांबत नाही हो, एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो.