सहा मिनिटांचा हिशेब

प्रश्न : काकू, सप्रेम सलाम. मी ३४ वर्षांची, वडगाव शेरीत राहते, खराडीच्या एका कंपनीत नोकरी करते. गेल्या महिन्यात बायबल स्टडीत पाळकसाहेबांनी विचारलं, "रोजच्या जगण्यात तुम्ही स्वतःला कशाला वाहून घेतलंय?" सगळ्यांनी "प्रभूला" म्हटलं, मीही म्हटलं. घरी येऊन सहज फोनमध्ये बघितलं, तर त्या दिवसाचा स्क्रीन टाइम ४ तास ४० मिनिटं, आणि त्यात बायबलच्या अॅपवर ६ मिनिटं. बाकी ऑफिसचे मेसेज, आईला गोळ्यांची आठवण करायचा व्हिडिओ कॉल, आणि रात्री लोकांची स्वयंपाकघरं बघणं. तेव्हापासून चैन नाही. आम्ही दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, चर्चला देतो, रविवार चुकवत नाही. तरी मी खोटं बोलले का? फोनमधलं बाकीचं सगळं काढून टाकू का?
– एक वाचक, वडगाव शेरी

उत्तर : सलाम. तू माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, म्हणून एकेरीत बोलते. राग मानू नकोस.

आधी ते ४ तास ४० मिनिटं फोडून दाखव. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच वर्षं चर्चच्या मंडळीची खजिनदारही होते. ठोक आकडा दिसला की माझा हात शिवशिवतो. त्यात ऑफिसचे मेसेज किती? आईला गोळ्यांची आठवण करायला लावलेला व्हिडिओ कॉल किती? आणि रात्री साडेअकराला लोकांच्या स्वयंपाकघरातले ओटे बघत बसलीस ते किती?

पहिल्या दोन्हींबद्दल जिवाला लावून घेऊ नकोस. नोकरीचे तास म्हणजे देवाच्या वाटणीतून चोरलेले तास नव्हेत. आपल्या इथून दौंडच्या वाटेवर केडगाव आहे. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं आणि १९२२मध्ये त्या गेल्या त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं झालं. छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच बायका-मुली होत्या. शाईने हात काळे करून घेतलेल्या त्या बायकांना दिवसाकाठी प्रार्थनेची किती मिनिटं भरली असं कोणी विचारलं असेल, मला नाही वाटत.

ओट्यांकडे मी नंतर येते. त्याआधी दशांशाबद्दल, कारण ते तू अगदी सहज लिहून टाकलंस आणि तिथेच मी एकदा आपटले आहे.

मी गुरुवार पेठेत राहते, पंचहौदच्या चर्चच्या घंटा घरात ऐकू येतात इतक्या जवळ. एका वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, मी चहा सोडला. (आमच्या भागात चहा ही साधी बाब नाही. १८९० साली पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशा बड्या लोकांमागे ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, लागलं, गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. कपावरून माणूस कोणाचा हे ठरवायची पुण्याला जुनी हौस.) तर भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडून, ४० दिवस. चहाचे वाचलेले पैसे रोज डब्यात टाकायचे आणि ईस्टरला दानात द्यायचे. आठवडाभरात डोकं ठणकायला लागलं आणि जिभेला धार आली. त्यातच कामाला येणाऱ्या बाई तीन दिवस आल्या नाहीत, मुलीला ताप होता म्हणून. महिना भरला तेव्हा मी तीन दिवसांचे ३०० रुपये कापले. हिशेबाला चोख! त्याच संध्याकाळी डबा ओतून मोजला. ३१० निघाले.

प्रभूच्या नावाने मी बाजूला काढत होते ते पैसे खरे कोणाचे, हे बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला कळायला कॅल्क्युलेटर लागत नव्हता. तरी कळायला दोन रात्री गेल्या.

मत्तयाच्या शुभवर्तमानात २३व्या अध्यायात प्रभू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे नियमांवर बोट ठेवणाऱ्या त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, झापतो : पुदिना, शेप, जिरे यांचा दशांश काढता आणि न्याय, दया, विश्वास या मोठ्या गोष्टी सोडून देता. मंडईत शेपूची जुडी घेताना मला ते नेहमी आठवायचं. दहा काड्यांतली एक मोजून वेगळी ठेवणारा तो गृहस्थ मनात रंगवून मी हसायचे. त्या मार्चमध्ये हसू आलं नाही. आणि नीट वाच, दशांश बंद करा असं तो म्हणत नाही. हे करायचंच होतं, पण ते सोडायचं नव्हतं, असं म्हणतो. तेव्हा तुमचा दशांश चालू राहू दे. फक्त तुमच्याकडे धुण्याभांड्याला कोण येतं, तिच्या खाड्यांचं तुम्ही काय करता, तेही एकदा बघून घे.

पवित्र सप्ताहातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या, बुधवारी मी बाईंना ते ३०० दिले. त्यांनी मोजले, कमरेच्या पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, "ताई, आवाज बसलाय तुमचा. चहा टाकू का?" मी घेतला. आलं घातलेला.

आता तुझा 'वाहून घेणं' हा शब्द. आपल्याकडे त्याला फुलांचा वास आहे. फूल वाहिलं की दुसऱ्या दिवशी त्याचं निर्माल्य. पहिल्या मंडळीचे लोक प्रेषितांच्या शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर असत, असं प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या अध्यायात आहे ना, तिथला मूळ ग्रीक शब्द वेगळ्या चवीचा आहे. निवृत्तीनंतर मी हौसेने थोडं ग्रीक शिकले, परीक्षेला बसण्याइतकं नाही. त्याच पुस्तकात कर्नेल्य नावाच्या शताधिपतीच्या, म्हणजे रोमी सैन्यातल्या अंमलदाराच्या, हाताशी सदैव हजर असणाऱ्या शिपायासाठी तोच शब्द आहे. आणि मार्कच्या तिसऱ्या अध्यायात तो चक्क एका होडीसाठी येतो. लोटलेल्या गर्दीत चेंगरायला होऊ नये म्हणून प्रभू शिष्यांना सांगतो, एक लहान होडी माझ्यासाठी तयार ठेवा. त्या प्रसंगात तो होडीत बसला असंही लिहिलेलं नाही. होडी नुसती काठाला लागून आहे. दुसऱ्या कोणाचा माल तिच्यात भरलेला नाही, एवढंच.

म्हणून रात्री साडेअकराच्या ओट्यांबद्दल माझा प्रश्न मिनिटांचा नाहीच. त्या वेळी तुझ्या होडीत कोणाला पाय ठेवता येतो का? आतून मुलाने हाक मारली, शेजारच्या आजींनी बेल वाजवली, तर तू उठतेस, की "हो, हो, आलेच" म्हणत अंगठा चालूच? मी असते तर तेवढंच बघितलं असतं.

एक वही कर. आठ दिवस रोज एकच ओळ : आज कशावरून चिडले. चिडलेला माणूस लपवाछपवी करत नाही, म्हणून चिडण्यावर माझा जास्त भरवसा. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात दुधाची पिशवी एकदा आली, रिक्षावाला एकदा, आणि 'मंडळीच्या हॉलची किल्ली मला न विचारता नेली' हे तीनदा. खजिनदारकी सोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. किल्लीचा जुडगा अजून माझ्या पर्समध्ये होता! तो नेऊन द्यायलाही मी पुढचा रविवार उजाडू दिला, हे तुला म्हणून सांगते.

खोटं बोललीस का? नाही, घाईत बोललीस, आणि सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळलास. फोन धुऊन काढायची गरज नाही. धुतलास तर आईच्या गोळ्यांची आठवण कोण करणार? आणि त्या दिवशीच्या सहा मिनिटांत कुठला अध्याय वाचत होतीस, ते कळव. तुझ्या पत्रात सगळे आकडे आले, तेवढंच राहिलं.