दहा वर्षांच्या मुलीला मारवा शिकवावा का?

तुमची मुलगी दहा वर्षांची, गाण्याच्या प्रवेशिका प्रथम परीक्षेची तयारी चालू, आणि तिने मारवा रागाचा हट्ट धरलाय. क्लासच्या ताई म्हणतात, एवढ्यात नको. मी कोथरूडमध्ये बावीस वर्षं गाणं शिकवते. मला विचाराल तर शिकू दे. फक्त ताना, म्हणजे भरभर घेतलेल्या स्वरांच्या लडी, नकोत.

‘अवघड’ म्हणताना आपण दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. द्रुत ताना, तराणा ही गळ्याची अवघड कामं. ती वयाने आणि रियाजानेच जमतात. मारवा कानाला अवघड आहे. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीच, आणि षड्ज, म्हणजे ‘सा’, समोर असूनही त्याच्यावर लवकर टेकायचं नाही. तानपुऱ्याची पंचमाची तार निषादाला (‘नि’ला) लावतात. मूल सवयीने ‘सा’कडे धावतं आणि राग विस्कटतो. पण लहान कान ‘सा’साठीची ही हुरहुर फार पटकन टिपतो. माझ्याकडे एक नऊ वर्षांची मुलगी होती. महिनाभर ती रोज पाच-सात मिनिटं नि, रे आणि ध एवढेच स्वर लावायची, बंदिश नाही, ताल नाही. महिन्याने मी ‘आता सा’ म्हटलं, तेव्हा तिचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही.

आणि भूप राग तरी सोपा कुठे आहे? सा रे ग प ध, पाचच स्वर, म्हणून आपण तो पहिल्या वर्षी शिकवतो. तेच पाच स्वर देशकार रागाचेही. गंधाराऐवजी (‘ग’ऐवजी) धैवतावर (‘ध’वर) वजन गेलं की भूप हातातून निसटला.

पंडित भीमसेन जोशी कुंदगोळला त्यांचे गुरू सवाई गंधर्व यांच्याकडे गेले तेव्हा पोरसवदाच होते. तिथे त्यांना तालीम मिळाली ती मुख्यतः तोडी, मुलतानी आणि पूरियाची. यात बाळबोध म्हणावा असा एकही राग नाही. तोडी आणि मुलतानीचे स्वर तर सारखेच. फरक सगळा चालीत. राग मोजकेच, पण वर्षानुवर्षं तेच घोटायचे. म्हणजे अवघड राग लवकर सुरू करायला हरकत नाही, तो लवकर उरकायला आहे.

हे मी सोसलेलं आहे म्हणून इतकं सांगतेय. बाराव्या वर्षी एका स्पर्धेसाठी माझ्याकडून एक मोठा राग आलाप-तानांसकट पाठ करून घेतला होता. कुठली तान कितव्या मात्रेला, सगळं वहीत लिहिलेलं. बक्षीस मिळालं, पेढे वाटले. पुढे दोन-तीन वर्षं मला एका स्वरावर थांबताच येईना. लगेच पुढची तान आठवायची. ती खोड मोडायला फार त्रास झाला.

तेव्हा ताईंशी एकदा बोला. मुलीला तिच्या स्वतःच्या पट्टीतच गाऊ दे, मोठ्यांच्या पट्टीत ओढू नका. संध्याकाळी दिवेलागणीला दहा मिनिटं मारवा, बाकी वेळ परीक्षेचे राग. ऐकायला मात्र भरपूर द्या. घसा दुखतो म्हणाली तर त्या दिवशी गाणं बंद. आणि गॅदरिंगमध्ये मारवा नको, निदान दोन वर्षं तरी. तिथे तिला भूपच गाऊ दे.