टीम लीडची सीनियर अ‍ॅनालिस्ट झाले, रेझ्युमेत लिहू कसं?

प्रश्न: मी तीन वर्षं टीम लीड होते. मागच्या वर्षी कंपनीत रिस्ट्रक्चरिंग झालं, दोन टीम एकत्र केल्या, लीडची जागा एकच उरली आणि ती दुसऱ्याला गेली. मला सीनियर अ‍ॅनालिस्ट केलं, पगार तोच ठेवला. आता बाहेर अप्लाय करायचंय, पण रेझ्युमेत सगळ्यात वर खालचं पद दिसतं, बघणाऱ्याला वाटणार हिचं काहीतरी चुकलं असेल. मैत्रीण म्हणते आत्तापर्यंत टीम लीडच लिही, कोण बघतंय! काय करू?

उत्तर: बघतात हो! बऱ्याच कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात आणि त्यात जुन्या एचआरला पद आणि तारखा हमखास विचारतात, तिथे फरक निघाला की हातातली ऑफरसुद्धा जाऊ शकते. म्हणजे ज्या गोष्टीत तुमची काही चूकच नाही ती लपवायला जाऊन तुम्ही खोट्या ठरणार. पदाला हात लावू नका, मांडणी बदला.

कंपनी एकच आहे ना, मग नाव एकदाच लिहा, पुढे जॉइन झाल्यापासून आजपर्यंतचा सगळा काळ, आणि त्याखाली दोन्ही पदं आपापल्या तारखांसकट. दोन वेगळ्या नोकऱ्यांसारखं लिहिलंत तर घसरण डोळ्यात भरते, असं लिहिलं की एकाच ठिकाणी टिकलेला माणूस दिसतो. आत्ताच्या पदाखाली पहिलीच ओळ, ‘दोन टीमच्या विलीनीकरणानंतर या पदावर’, बस्स, पुढे स्पष्टीकरण नको, रेझ्युमे म्हणजे काही माफीनामा नाही.

खरी मेहनत त्याच्या खालच्या ओळींवर घ्या. ‘रिपोर्टिंगचं काम पाहते’ यातून कुणाला काय कळणार? त्याऐवजी ‘दोन्ही टीमचे रिपोर्ट एका फॉरमॅटमध्ये आणले, महिनाअखेरचं काम चार दिवसांवरून दोन दिवसांवर आलं’ असं काहीतरी, अर्थात तुमचे खरे आकडे टाकून. नवीन लोकांना अजून तुम्हीच शिकवत असाल, लीड सुट्टीवर असताना कामं तुमच्याकडेच येत असतील तर तेही लिहा, पद गेलं तरी ही कामं बहुतेक वेळा आपल्याकडेच राहतात. टीम लीडच्या खाली किती माणसं होती तो आकडा मात्र विसरू नका, कारण टीम लीड म्हणजे कुठे दोन जण असतात तर कुठे वीस.

तारखा गाळून नुसती स्किल्सची यादी देणारा रेझ्युमे करायचा सल्लाही कुणीतरी देईलच. नका करू, रिक्रूटर तारखा शोधतोच आणि त्या सापडल्या नाहीत की त्याला शंका येते. लिंक्डइनवरही तेच पद आणि त्याच तारखा ठेवा, लोक दोन्ही शेजारी शेजारी उघडून बघतात.

इंटरव्ह्यूत विचारतीलच, तेव्हा दोन वाक्यांत संपवा: टीम एकत्र झाल्या, लीडची एक जागा कमी झाली, मी त्याच पगारावर अ‍ॅनालिस्ट म्हणून राहिले. पगाराची गोष्ट रेझ्युमेत नको पण इथे जरूर बोला, कामात खोट असती तर पगार तोच राहिला असता का? आणि ज्याला ती जागा मिळाली त्याच्याबद्दल मनात कितीही असलं तरी तिथे एक शब्द काढू नका.

अप्लाय लीडच्या जागांनाही करा, फक्त त्या रेझ्युमेत वरच्या सारांशात टीम सांभाळल्याचा अनुभव आधी येऊ द्या, अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी तोच क्रम उलटा करा.