पानं गळलेल्या कॉडेक्सला पाणी वाढवू नका, आधी बुंधा तपासा

कॉडेक्स म्हणजे फुगीर बुंध्यात पाणी साठवणारी झाडं, ॲडेनियम त्यांतलंच एक. थंडीत तुमच्या ॲडेनियमची सगळी पानं गळली, बुंधा दाबल्यावर मऊ लागतो, कुंडी घरातच आहे. पाणी वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. नका वाढवू. आधी मऊपणा कसला आहे ते बघा.

झाड तहानलेलं असेल तर बुंधा सगळीकडून सारखाच दबतो आणि साल कोरडी, सुरकुतलेली दिसते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, साठवलेलं पाणी वापरलं जातंय इतकंच. कूज मात्र एका जागी सुरू होते, बहुतेकदा मातीलगत. तिथे बोट रुततं, साल काळपट ओलसर होते, वास येतो. तसं असेल तर आजच झाड उपटा. स्वच्छ ब्लेडने निरोगी, घट्ट गर लागेपर्यंत कापत जा, गंधकाची पूड लावा आणि जखम पूर्ण सुकेपर्यंत, आठ-दहा दिवस तरी, मातीत लावू नका. हातमोजे घाला, ॲडेनियमचा चीक विषारी असतो.

पानं असतात तेव्हा त्यांतून बाष्प उडतं आणि मुळं खालून पाणी ओढत राहतात. पानं गेली की ही ओढ जवळजवळ थांबते. मग तुम्ही दिलेलं पाणी मातीतच राहतं, आणि गार, ओल्या मातीत बुरशीला रान मोकळं मिळतं. माझं सात वर्षं वाढवलेलं पॅकिपोडियम, तेही कॉडेक्सच, असंच गेलं. पानं नव्हती तरी मी दर आठवड्याला थोडं थोडं पाणी घालत राहिले. वरून खोड टणक होतं आणि आतून लगदा झाला होता. आजही त्याची हळहळ वाटते.

पण ‘थंडीत पाणी बंद’ हा नियम सरसकट लावू नका. ॲडेनियम, पॅकिपोडियम, स्टेफानिया, सायफोस्टेमा ही उन्हाळ्यात वाढणारी झाडं. दक्षिण आफ्रिकेतलं डायोस्कोरिया एलिफंटाइप्स, ज्याचा गड्डा कासवाच्या पाठीसारखा भेगाळतो, ते सहसा उलट वागतं. त्याची वेल थंडीत वाढते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पिवळी पडून वाळते. टायलेकोडॉनही थंडीत वाढणारं. म्हणून कॅलेंडरपेक्षा पानांकडे बघा.

झोपेतल्या मोठ्या बुंध्याला मी पाणी जवळजवळ देतच नाही. गड्डा लिंबाहून लहान असेल तर तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुंडीच्या कडेने थोडंसं, कारण रोपांची बारीक मुळं पूर्ण कोरडी पडली की मरतात. ॲडेनियमला १२ अंशांखाली जाऊ देऊ नका, रात्री खिडकीच्या गार काचेपासून दूर ठेवा. उजेड मात्र पानं नसतानाही हवा. त्याचं हिरवट खोडही थोडंफार अन्न बनवतं. पिठ्या ढेकूण याच काळात मातीखाली मुळांवर लपतात, तेवढं मधूनमधून बघत जा.

कोंब दिसला म्हणून लगेच कुंडी भिजवू नका. कोंब दोन-तीन सेंटिमीटर वाढला की पहिलं पाणी द्या, तेही नेहमीच्या निम्मं. कुंडी बदलायची असेल तर कोंब फुगायला लागतात तीच वेळ. नव्या मातीत खडी किंवा प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) निम्म्याहून जास्त असू द्या. खताची घाई नको, पानं पूर्ण उघडल्यावर द्या.