साखरपाणी का पीत नाही हा पतंग?

प्रश्न : नमस्कार सर, आमचं घर गोव्यात सत्तरी तालुक्यात, मागे कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग. परवा सकाळी बघते तर पडवीच्या भिंतीवर भलामोठा तांबूस पतंग, माझा पंजा पसरला तरी पुरणार नाही, पंखांच्या टोकाला सापाचं तोंड काढल्यासारखं. दोन दिवस हलला नाही. धाकट्याने साखरपाणी दिलं, केळ्याची फोड दिली, तोंड लावत नाही. आजारी आहे का? सासूबाई म्हणतात हाकलू नको.

उत्तर : सासूबाईंचं ऐका. आजारी नाहीये ताई, तो अॅटलस पतंग, आणि त्याला खाता येईल असं तोंडच नसतं! अळी असताना पोटभर खाऊन जी चरबी साठवली त्यावरच जेमतेम आठवडाभर, फार तर थोडं जास्त जगायचं, म्हणून दिवसा उगाच उडून ताकद घालवत नाही, गप्प बसतो. आपल्या पश्चिम घाटातल्याचं शास्त्रीय नाव अॅटाकस टॅप्रोबानिस, टॅप्रोबाना म्हणजे श्रीलंकेचं जुनं ग्रीक नाव, तिथेही हाच सापडतो.

आता जरा मिशा बघा, रुंद पिसासारख्या असतील तर नर, बारीक मिशा आणि पोट जाड असेल तर मादी. मादी रात्री एका जागी बसून गंध सोडते आणि नर त्या मिशांनी वास घेत लांबून येतात, तेवढंच एक काम ह्यांना उरलेलं असतं. आणि आपण काय करतो, पडवीत रात्रभर पांढरा बल्ब! बिचारा त्याच्याभोवती फिरून दमतो आणि भिंतीला चिकटून बसतो. म्हणून काही द्यायचंच असेल तर अंधार द्या, 2-3 रात्री लाइट बंद ठेवा. हाताने उचलू नका, पंखांवरची पूड निघते.

सापाचं तोंड पक्ष्यांना फसवायला असं म्हणतात, मला विचाराल तर माणसंच जास्त घाबरतात.

कुळागरात दालचिनी, पेरू, लिंबू असेल तर अळ्या त्यावरच वाढल्या असणार, फिकट हिरव्या, अंगावर पांढरी पावडर, बोटापेक्षा जाड, आणि कोष म्हणजे फांदीला सुकलेलं पान लटकतंय असंच वाटतं, साफसफाईत तो आपण जाळून टाकतो. भिंतीवर बारीक मण्यांसारखी अंडी दिसली तर कागदाने अलगद सोडवून पेरूच्या पानावर ठेवा, 2 आठवड्यांच्या आत अळ्या निघतील, आणि त्या झाडावर तेवढे दिवस फवारणी नको.